घरात कोण राहतं?

सोसायटीचा शिक्का माझ्याकडे असतो. बाहेरच्या खोलीतल्या कपाटात, वरच्या खणात, निळ्या शाईच्या पॅडशेजारी. लाकडी मुठीचा, जुना, खालचं रबर एका कडेला झिजलेलं, त्यामुळे ‘मर्यादित’मधला शेवटचा ‘त’ कधी नीट उमटत नाही. २०२३च्या दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी मी तो उचलला, पॅडवर दाबला आणि समोरच्या कागदावर न मारताच परत ठेवून दिला. कागद घेऊन आलेले गृहस्थ सोफ्यावर बसले होते. त्यांनी चहाचा कप अर्धाच ठेवला आणि उठले. “बघा ताई, तुमची मर्जी,” एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही, दार आपटलं नाही. ते जिना उतरून गेले तरी मी बराच वेळ त्या कपाकडे बघत बसले होते. वर साय धरत होती. दोन वर्षं होऊन गेली, तरी तो अर्धा कप अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

त्या दिवसांत पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीचा सेक्रेटरी एकच पत्र लिहीत होता. ‘सदर सदनिकेत सदनिकाधारक स्वतः राहत आहेत.’ घरमालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत, ही पुण्याची १९७०पासूनची रीत. इतकी जुनी, की ती सवलत आहे हेच आम्ही विसरून गेलो होतो. बिल येतं ते तेवढंच असतं, असं वाटायचं. मग लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, २०१९मध्ये राज्य सरकारने सवलतीचा जुना ठरावच विखंडित, म्हणजे रद्द, केला, आणि ज्या घरांत सर्वेक्षणात मालक राहत नसल्याची नोंद झाली, त्यांच्या बिलांचे आकडे एकदम फुगले. पुढे आरडाओरड झाली, अर्ज-विनंत्या झाल्या आणि २०२३मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा चालू केली. ज्यांची गेली होती त्यांनी पीटी-३ नावाचा अर्ज भरायचा. सोबत सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, रेशनकार्ड, गॅसचं कार्ड यांतलं काहीतरी, आणि शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत. मुदत १५ नोव्हेंबर. नेमकी भाऊबीज.

आमच्या इमारतीत चोवीस घरं. सवलत गेलेली घरं तीनच निघाली, आणि त्यांतलं एक तळमजल्यावरच्या काकूंचं आहे हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

काकू एकट्या राहतात. काका जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा नोकरीसाठी दूर. फॅमिली पेन्शनवर घर चालतं. मे महिना लागला की काकू बिल घेऊन माझ्याकडे येतात, कारण ३१ मेच्या आत भरलं की सर्वसाधारण करात सूट मिळते. वार्षिक करपात्र रक्कम पंचवीस हजारांपर्यंत असेल तर दहा टक्के, त्याच्या वर गेली तर पाच. ती सूट काकूंनी एका वर्षीही चुकवलेली नाही. मी मोबाइलवरून भरते, त्या मोजून नोटा देतात, आणि सुट्टे नसले तर दुसऱ्या दिवशी वाटीत वीस रुपये आणि चार वड्या घेऊन येतात. मी त्यांचा मिळकत क्रमांक टाकायचे, आकडा यायचा, भरायचे. आकडा का वाढला हे मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. सहा हजारांच्या आसपास येणारं बिल २०१९पासून दहाच्या घरात गेलं होतं. काकूंना वाटलं, महागाई. सगळंच वाढलंय, तसं हेही वाढलं असेल. “कर भरायचाच असतो गं, त्यात काय विचारायचं,” असं त्या म्हणायच्या. त्या वाक्याचा मला केवढा आदर वाटायचा. चार वर्षांत सोळा-एक हजार जास्तीचे गेले, तेव्हा त्याच वाक्याने पोटात कालवलं.

पत्रं लिहायची म्हणून मी सगळ्यांची बिलं मागवली, तेव्हा हे उघड झालं. काकूंनी प्लास्टिकच्या पिशवीतून बिलांची चळत काढली. डाळीच्या रिकाम्या पिशवीची त्यांनी फाइल केली होती, उघडली की अजून हिंगाचा वास यायचा. २०१८चं आणि २०१९चं बिल मी शेजारी शेजारी ठेवलं. घराचं क्षेत्रफळ तेच, दर तोच, करपात्र रक्कम मात्र वेगळी. मी त्यांना विचारलं, “काकू, सर्वेक्षणाला कोणी आलं होतं का? तुमच्या घरात भाडेकरू राहतो अशी नोंद दिसतेय.” काकू जरा वेळ विचार करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “तेव्हा शिकायला आलेली भाची होती ना माझ्याकडे. मी देवळात गेले होते. तिनेच दार उघडलं होतं.” आलेल्या माणसाने विचारलं असणार, घर तुमचं का? तिने खरं ते सांगितलं: नाही, मी इथे राहते. बस. एवढ्या दोन शब्दांत काकूंच्या घराचं भाड्याचं घर झालं. भाची आता बेंगळुरूला असते, लग्न झालंय. काकूंनी मला बजावलं, “तिला हे सांगू नकोस हं. जिवाला लावून घेईल.”

हिशेब मी त्यांना वहीच्या पाठच्या पानावर मांडून दाखवला. घराचं वर्षाचं भाडं किती येईल हे आधी ठरवायचं, चौरस फुटाचा महिन्याचा दर गुणिले क्षेत्रफळ गुणिले बारा. समजा तीस हजार. देखभालीपोटी दहा टक्के वजा, राहिले सत्तावीस. मालक स्वतः राहत असेल तर त्यातून ४० टक्के आणखी वजा. राहिले सोळा हजार दोनशे. आता सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशामक कर, वृक्षकर, जललाभ कर, जे काही बिलावर ओळीने येतं, ते सगळं या शेवटच्या आकड्यावर लागतं. म्हणून वर एक नोंद चुकली की खालच्या सगळ्या ओळी चुकतात. आपण मात्र नेहमी तळाची ओळ वाचतो. काकूंनी चष्मा वर सरकवला आणि सोळा हजार दोनशेवर बोट ठेवून म्हणाल्या, “म्हणजे घर माझं आहे म्हणून कमी नाही, मी त्यात राहते म्हणून कमी.”

मला आमच्या आबांचा गोठा आठवला.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आबा घरपट्टीच्या पावत्या तारेच्या आकड्याला टोचून ठेवायचे. माजघराच्या खुंटीला तो आकडा लटकलेला असायचा, खालच्या पावत्या पिवळ्या, वरच्या पांढऱ्या, आणि भोकापाशी सगळ्यांना तांबूस गंजाचा ठिपका. आम्हा पोरांना त्याला हात लावायची मुभा नव्हती. एका पावसाळ्यात घरामागचा गोठा बसला. मातीची भिंत रात्रीतून खचली, जनावरं आधीच ओसरीवर बांधली होती म्हणून वाचली. पुढच्या दोन वर्षांच्या पट्टीत मात्र गोठा तसाच होता. गोठा पडला होता, पट्टी उभीच होती. आबांनी ग्रामसेवकांना घरी बोलावलं. भांडायला नाही, बघायला. मला चांगलं आठवतं, मी सुंभाचं एक टोक धरून उभी होते आणि दुसरं टोक ग्रामसेवकांच्या हातात होतं. पडलेल्या भिंतीच्या ढिगावर एरंड उगवला होता. त्यांनी घराचीही लांबी-रुंदी नव्याने घेतली, आबांनी त्यांना ताक दिलं, आणि पुढच्या आकारणीत गोठ्याची ओळ गेली. माप घेताना पुढची पडवी मात्र जुन्या नोंदीपेक्षा मोठी निघाली. आजी नंतर बरेच दिवस म्हणत होती, कशाला मोजायला लावली पडवी, चार आणे वाचले आणि दोन आणे वाढले. आबा म्हणाले, “गोठा नाही तर नाही, पडवी आहे तर आहे.” आकड्याला नवी पावती टोचताना त्यांनी ती नेहमीपेक्षा जास्त वेळ निरखली होती.

गावाकडे आता आकारणीची रीत बदलली आहे. डिसेंबर २०१५पासून ग्रामपंचायतीची पट्टी घराच्या भांडवली मूल्यावर बसते. बांधकाम मातीचं की दगड-विटांचं की सिमेंट-काँक्रीटचं, किती जुनं, वापर राहण्याचा की धंद्याचा, हे सगळं त्यात येतं, आणि जुन्या घराला घसारा मिळतो. आमच्या त्या घराचा नमुना ८चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या आकारणीच्या नोंदीचा, उतारा मी मागच्या मे महिन्यात काढून आणला. त्यात घराचं वय लिहिलेलं आहे ते बरोबर आहे का, हे चुलत भावाला विचारायचं राहिलंय. दर चार वर्षांनी नवी आकारणी होते, यादी लागते, हरकती मागवतात. यादी लागते त्या दिवसांत गावात कुणी तिच्याकडे मान वर करून बघत नाही, आणि शहरात नोटीस आली तर आपण दुधाच्या हिशेबाच्या कागदाबरोबर फ्रिजवर चुंबकाखाली अडकवून ठेवतो. पहिल्यांदा कर बसतो किंवा वाढतो, तेव्हा अशी नोटीस येते, तिच्यावर मुदत लिहिलेली असते, आणि त्या मुदतीत साध्या कागदावर लेखी हरकत दिली तर ऐकून घ्यावं लागतं. मुदत गेली की वाट लांबते. मग कोर्टापर्यंत जायचं आणि तेही आधी पैसे भरून. मी स्वतः आमच्या घराची नोटीस वाचलेली नव्हती. आईने सही करून घेतली होती, एवढंच.

तर ते पीटी-३. काकूंना घेऊन मी पालिकेच्या ऑफिसात गेले तेव्हा रांग जिन्यापर्यंत आली होती. दिवाळीचे दिवस, बाहेर उटण्याच्या आणि पणत्यांच्या गाड्या, आणि आत हातात झेरॉक्स घेऊन उभी असलेली साठीच्या पुढची माणसं. पेठ निरीक्षक, म्हणजे आपल्या भागाचा मिळकतकर बघणारा पालिकेचा माणूस, हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला. पुढच्या आजोबांनी पिशवीतून लग्नाची पत्रिका काढली होती, मुलीच्या लग्नाची, तीस वर्षांपूर्वीची, खाली ‘निमंत्रक’ म्हणून याच घराचा पत्ता छापलेला. खिडकीवरचा मुलगा चांगला होता. त्याने पत्रिका वाचली, परत दिली आणि म्हणाला, “आजोबा, हे नाही चालत, पण गॅसचं कार्ड आहे का बघा.” कार्ड होतं. आजोबांनी पत्रिकेची घडी जपून जुन्या मोडीवरच घातली. पस्तीस-चाळीस वर्षं ज्या घरात राहिलो तिथे राहतो हे सिद्ध करायला कुठला कागद पुरा पडेल, असं रांगेत सगळ्यांच्याच मनात होतं, आणि तरी मला त्या मागणीचा राग येत नव्हता. कारण माझ्या पर्समध्ये तेव्हा ते दुसरं पत्र होतं.

तिसऱ्या मजल्यावरचं. ते गृहस्थ बायको-मुलांसह खराडीच्या नव्या घरी राहायला जाऊन सहा वर्षं झाली. जुना फ्लॅट चार मुलांना भाड्याने दिलाय, आयटीतली मुलं, शांत आहेत, कचरा वेळेवर खाली आणतात. त्यांच्याकडून सोसायटी दर महिन्याला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते, सेवाशुल्काच्या दहा टक्के, आणि त्याची पावती मीच फाडते. तेच गृहस्थ टाइप करून पत्र घेऊन आले होते. ‘सदनिकाधारक स्वतः राहत आहेत.’ सही आणि शिक्का तेवढा राहिला होता. “सगळेच देतायत, ताई. हप्ते चालू आहेत नव्या घराचे. आणि पालिकेला काय कमी आहे?” असं ते म्हणत होते आणि मला दुसरंच दिसत होतं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. ते इथे राहत होते तेव्हा आईला एकदा रात्री अडीच वाजता दम लागला, आणि हेच धावत वर आले होते, बनियनवर. लाल प्लास्टिकच्या खुर्चीत आईला बसवून त्यांनी आणि वॉचमनने तिला चार मजले खाली उतरवलं. प्रत्येक वळणावर ते म्हणत होते, “मावशी, घट्ट धरा, घट्ट धरा.” त्यांच्याच गाडीतून आम्ही गेलो. आई त्यानंतर दीड वर्ष जगली. ते दीड वर्ष मला त्या माणसामुळे मिळालं, असं मी मनापासून मानते.

अशा माणसाने एक ओळ मागितली.

मी शिक्का पॅडवर दाबलासुद्धा होता. मग समोरच्या भिंतीला टेकून ठेवलेली काकूंची डाळीची पिशवी दिसली. त्यांचं पत्र मी त्याच दुपारी लिहिलं होतं, त्याच लेटरहेडवर, त्याच शब्दांत. दोन्ही कागद एकाच खिडकीत जाणार होते. माझं एक पत्र खोटं निघालं, तर दुसऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? काकूंच्या हातात मतदार कार्ड होतं, गॅसचं कार्ड होतं, पण ‘ही बाई इथे राहते’ हे सांगणारं माणूस म्हणून मीच होते. हे सगळं मला त्या क्षणी इतकं नीट सुचलं नव्हतं. तेव्हा फक्त हात थांबला. मी त्यांना म्हटलं, “पत्र नाही देता येणार मला. पण तुमचं बिल आणा, आपण बघू. क्षेत्रफळ बरोबर लागलंय का, दुबार आकारणी तर नाही ना, जुनी थकबाकी चुकून तर दिसत नाही. त्यातून कमी होण्यासारखं असेल तर मी स्वतः येईन तुमच्याबरोबर.” मी हे मनापासून बोलत होते. त्यांना ते टाळाटाळ वाटली असणार. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते हेही मी सांगायला गेले, आणि ते उठले.

त्या आठवड्यानंतर मी सोसायटीची गांडूळखताची टाकी उघडली. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं कुणाला वाटेल. मला कुठेतरी हात घालून काहीतरी खरोखर कमी करून दाखवायचं होतं. पुण्यात सौरऊर्जा, गांडूळखत, पावसाचं पाणी जिरवणं यांतला एक प्रकल्प चालू असेल तर सर्वसाधारण करात पाच टक्के, दोन किंवा जास्त असतील तर दहा टक्के सूट आहे. आमच्याकडे पागोळ्यांचं पाणी बोअरमध्ये सोडलेलं होतं आणि टाकीही होती, पण टाकीत मुंग्या आणि नारळाच्या शेंड्यांशिवाय काही उरलं नव्हतं. प्रकल्प चालू असावा लागतो, कागदावर असून भागत नाही. मी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन मुली मिळून ती साफ केली. वाळका पाला, शेण, ओला कचरा, वर गोणपाट. पंधरा-वीस दिवसांनी गोणपाट उचललं तर खाली लालसर गांडुळं आणि पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास. त्या वासाने मला एकदम गावचा तो मातीचा ढीग आठवला, एरंड उगवलेला. सूट म्हणाल तर घरटी काही फार नाही. तरी बैठकीत तो आकडा वाचून दाखवताना माझा आवाज जरा कापला.

मुंबईची बहीण फोनवर म्हणते, आमचं बरं आहे, पाचशे चौरस फुटांच्या आतलं घर, १ जानेवारी २०२२पासून आम्हाला मालमत्ता करच माफ. मग लगेच म्हणते, पण समोरचा रस्ता बघ ये एकदा. मला दोन्ही बाजूंनी ओढल्यासारखं होतं. काकूंचे सोळा हजार गेले तेव्हा वाटलं, एक रुपया जास्त देऊ नये. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा वाटतं, कमी तरी कुठल्या तोंडाने द्यावा. आबांसारखी पडवीही मोजून द्यायची तयारी आपल्यात आहे का, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारते, कारण आमची मागची गॅलरी आईने बंद करून घेतली होती आणि ती नोंदीत आहे की नाही हे मी अजून पाहिलेलं नाही. येत्या मे महिन्यात बघणार आहे.

काकूंचा अर्ज मंजूर झाला. जास्तीचे भरलेले पैसे हातात मिळाले नाहीत, पुढच्या बिलांतून वळते होऊ लागले. पहिलं कमी झालेलं बिल आलं तेव्हा त्या वर आल्या, जिना चढून, गुडघ्यांवर हात देत, आणि मला म्हणाल्या, “तळची ओळ नको, वरून वाच.” मी वरून वाचलं. करपात्र रक्कम आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. नव्या घरांत राहायला आलेल्या ओळखीच्या लोकांना त्या आता स्वतः सांगतात, घर घेतलंत ना, मग पीटी-३ दिलात का, तो आपोआप होत नाही हो. आणि ३१ मेच्या आधी भरा.

तिसऱ्या मजल्यावरची चार मुलं या जूनमध्ये गेली. नवी आली. गेल्या शनिवारी ते गृहस्थ भाडेकरूंचा फॉर्म घेऊन आले. त्यावर सोसायटीचा शिक्का लागतो. त्यांनी तो दारातूनच पुढे केला. वरती मालकाचा पत्ता खराडीचा, खाली भाडेकरूंची नावं, सगळं नीट भरलेलं. मी खण उघडला. शिक्क्याच्या खाली त्यांनी तेव्हा टाइप करून आणलेलं पत्र अजून आहे, मी ते ना परत दिलंय ना फाडलंय. फॉर्म कपाटावर ठेवून मी शिक्का मारला. ‘त’ आला नाही. “चहा टाकते, बसा ना,” मी म्हटलं. ते क्षणभर आत बघत राहिले, आईच्या फोटोकडे. “नको, गाडी खाली आडवी लावलीय,” म्हणाले आणि फॉर्मवर फुंकर घालत जिना उतरले.